सफरचंदात अळ्या: ही कोणती फळमाशी? सापळे, आमिष, पिशव्या (कोल्हापूर भाग)

आजरा_बांध
राम राम मंडळी. आजरा तालुक्यात एचआरएमएन-९९ जातीची सफरचंदाची झाडं आहेत. शेजारी पेरू, बांधाला रायवळ आंबे. फळं रंगावर यायला लागली तशी सालीवर टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके दिसतायत. ठिपक्याभोवती साल दबलेली, दाबलं की पाणी सुटतं. कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या आणि गर तपकिरी. नेटवर शोधलं की अमेरिकेतली ‘अॅपल मॅगॉट’ समोर येते आणि तिच्यासाठी लाल चिकट गोळे टांगायला सांगतात. इथं कृषी सेवा केंद्रात मात्र मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे माशीला वासानं ओढणाऱ्या गोळीचे, सापळे मिळतात. नेमकं काय टांगायचं? आणि आता फवारणी घेतली तर आतली अळी मरेल का?

कीड_वही
आधी ओळख पक्की करा. या दोन माश्यांचे उपाय वेगळे आहेत.

अॅपल मॅगॉट म्हणजे ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. ही मूळची उत्तर अमेरिकेतली. तिथं ती हॉथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांवर जगायची, १८६० च्या दशकात सफरचंदावर आली. वर्षाला साधारण एकच पिढी. हिवाळा जमिनीत कोषात काढते आणि उन्हाळ्यात बाहेर पडते. अंगानं काळी, पोटावर पांढरे पट्टे, पंखांवर ठळक काळी नक्षी. भारतात ती नोंदलेली नाही. परदेशातून येणाऱ्या सफरचंदात ती येऊ नये म्हणून आपल्याकडं क्वारंटाइनचे नियम आहेत.

आजऱ्याच्या झाडावर जी आहे ती जवळजवळ नक्की आपली नेहमीची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. आंबा, पेरू, चिकू खाणारी हीच. तिला सफरचंदही चालतं. घरमाशीपेक्षा किंचित मोठी, ७-८ मिमी, बघताक्षणी गांधीलमाशीचं पिल्लू वाटावं अशी. पाठीवर दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा, पोटावर काळी टी आकाराची खूण, पंख पारदर्शक आणि पुढच्या कडेला गडद पट्टी. हिची भावंडं झोनाटा आणि करेक्टा हीही आपल्या भागात असतात. झोनाटा तांबूस असते आणि तिच्या पंखाच्या टोकाला फक्त ठिपका असतो.

सडक्या फळावर घोंगावणारी अडीच-तीन मिमीची लाल डोळ्यांची चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. ती नंतर येतात, आधीच कुजलेल्या फळावर. त्यांच्यामागं लागू नका.

अळी हातात घेऊन बघा. पाय नाहीत, वेगळं तपकिरी डोकं नाही, एका टोकाला निमुळती, पूर्ण वाढली की साधारण १ सेंमी. कापलेलं फळ ताटात ठेवलं की मोठी अळी अंग कमानीसारखं वाकवून टुणकन उडी मारते. असं झालं तर माशीचीच. पाय आणि तपकिरी डोकं दिसलं तर पतंगाची अळी, मग विषयच वेगळा.

कागल_पेरू
खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकच्या डब्यात ३ सेंमी चाळलेली वाळू घ्या, हाताला गार लागेल इतपतच ओली. वर जाळीचा तुकडा, त्यावर ठिपकेवाली चार-पाच फळं, तोंडाला मलमलचं कापड आणि रबर. डबा सावलीत. फळाचं पाणी वाळूत साचू देऊ नका, नाहीतर कोष सडतात. अळ्या वाळूत उतरतात, गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष होतात आणि या दिवसांत साधारण दहा-बारा दिवसांत कोषातून माश्या निघतात. निघाल्या निघाल्या फिक्या दिसतात, रंग चढायला एक-दोन दिवस द्या. मग फोटो टाका इथं.

कीड_वही
फवारणीचं उत्तर: आत गेलेल्या अळीला वरून मारलेलं औषध सहसा पोचत नाही. मादी साल भेदून अंडी सालीखाली घालते, एक ते तीन दिवसांत अळी निघते आणि गरात शिरते. ठिपका दिसला तोवर काम झालेलं असतं. फळ तोडायला आलेलं असताना औषध मारलं तर अळी जिवंत आणि औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात. ठिपका पडलेलं फळ वाचवायच्या नादाला लागू नका, न टोचलेली फळं वाचवा.

लाल गोळ्यांबद्दल. ते साधारण ८ सेंमी व्यासाचे, चिकट लेप दिलेले असतात. ऱ्हॅगोलेटिस डोळ्यांनी फळ शोधते आणि पिकलेल्या सफरचंदासारखा गडद लाल गोल तिला ओढतो. मिथाइल युजेनॉलकडं ती येत नाही. आपल्या माशीचा नर त्याच वासावर वेड्यासारखा येतो. म्हणून इथं मिथाइल युजेनॉल. गोळे टांगून पैसे घालवू नका.

भुदरगड_ताई
दादा, सापळा भरून माश्या पडतात तरी फळं किडतातच, असं सगळीकडं ऐकायला मिळतं. मग सापळ्याचा उपयोग काय?

कीड_वही
ताई, मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात फक्त नर पडतात आणि फळ टोचते मादी. एक नर बऱ्याच माद्यांशी संग करू शकतो, त्यामुळं निम्मे नर मेले तरी माद्या रिकाम्या राहत नाहीत. नर जवळजवळ संपवले तरच संख्येवर परिणाम होतो. त्यासाठी सापळे पुरेसे हवेत, वेळेआधी हवेत आणि मोठ्या क्षेत्रात हवेत. वर शेजारच्या बागेतून आधीच संग झालेल्या माद्या उडून येतात, त्यांना सापळा दिसतच नाही.

तरी सापळा लावायचाच. एक, माशी कधी वाढतेय ते त्यातूनच कळतं. दोन, फळ पक्व व्हायच्या दीड महिना आधीपासून एकरी ८-१० लावले तर नरांची संख्या खरंच खाली येते. नुसत्या अंदाजासाठी एकरी २ पुरतात. पण माशी मारायचा एकमेव उपाय म्हणून सापळा विकत घेणारा हमखास फसतो.

राधानगरी_माळ
सापळा लावण्यातल्या चुका यादीनं लिहितो, कारण माल चांगला असून लावणीमुळं वाया जातो.

उंची दीड ते दोन मीटर, फांदीच्या सावलीत. ऐन उन्हात टांगला की गोळीचा वास भराभर उडून जातो आणि माशीही उन्हात बसत नाही. पण पानांनी भोकं झाकली जाऊ नयेत, भोवती वीतभर मोकळं हवं.

टांगायच्या तारेला बोटभर ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात, डबा रिकामा दिसतो आणि माणूस समजतो माशीच नाही.

तळाला सुईनं दोन-तीन भोकं, पावसाचं पाणी निघायला. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात याशिवाय सापळा म्हणजे पाण्याचा डबाच होतो.

गोळी बदलायची तारीख सापळ्यावरच मार्करनं लिहा. लेबलवर साधारण ४५ ते ६० दिवस असतात, एप्रिल-मेच्या तापात त्याआधीच जोर कमी होतो. जुनी गोळी झाडाखाली टाकू नका, नर तिच्यावरच बसत राहतात.

दर आठवड्याला मोजा आणि रिकामा करा. कुजलेल्या माश्यांच्या थरावर नवीन माशी टिकते, कारण तिला औषध लागतच नाही.

शिरोळ_वेल
घरी बाटलीचा सापळा करता येतो का? विकतचा महाग पडतो.

राधानगरी_माळ
येतो. एक लिटरची पाण्याची बाटली, वरच्या तिसऱ्या भागात समोरासमोर २ सेंमीची चार भोकं. बुचातून तार घालून ठोकळा भोकांच्या पातळीला अधांतरी टांगायचा, बाटलीच्या भिंतीला टेकू द्यायचा नाही.

ठोकळा म्हणजे साध्या प्लायवूडचा ५ × ५ सेंमीचा, साधारण १२ मिमी जाडीचा तुकडा. वॉटरप्रूफ किंवा रंग दिलेला प्लाय रस पीत नाही. द्रावण ६:४:१, म्हणजे ६० मिली इथाइल अल्कोहोल, ४० मिली मिथाइल युजेनॉल, १० मिली मॅलाथिऑन ५० ईसी. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणबंद भांड्यात ठोकळे ४८ ते ७२ तास बुडवून ठेवा, मग सावलीत निथळा. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही. हातमोजे घाला, विस्तव जवळ नको, काम घराबाहेर करा. अंगावर किंवा कपड्यावर सांडलं तर माश्या तुमच्यामागं येतील.

जुन्या पत्रकांत मॅलाथिऑनच्या जागी डीडीव्हीपी लिहिलेलं सापडेल. डीडीव्हीपी म्हणजेच डायक्लोरव्हॉस, ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. आमिषासाठी सुचवलेलं फेन्थिऑन त्याआधीच, २०१८ च्या आदेशानं बंद झालं. ती पत्रकं अजून व्हॉट्सअॅपवर फिरतात. कुणी पाठवलं तर तिथल्या तिथं सांगा.

शिरोळ_वेल
आमच्याकडं दोडका, कारली, काकडी. मिथाइल युजेनॉलचा सापळा लावला तर चालेल?

कीड_वही
नाही. वेलवर्गावरची माशी वेगळी, झ्यूगोडाकस कुकरबिटी. तिच्या नराला क्यू-ल्यूर नावाची वेगळ्या वासाची गोळी लागते. एकाच सापळ्यात दोन्ही गोळ्या टाकू नका, एकमेकींचा प्रभाव कमी होतो. वेगवेगळे सापळे, मध्ये अंतर. आणखी एक, ही माशी वेलावर फक्त टोचायला येते, बाकी वेळ कडेच्या उंच झाडोऱ्यात बसते. त्यामुळं कडेला मक्याच्या दोन ओळी असतील तर आमिष मक्याच्या पानांवर मारायचं. शिरोळला ऊस शेजारीच असतो, तो कडेचा पट्टाही बघत जा.

भुदरगड_ताई
आमिष म्हणजे गुळाचं ना? प्रमाण सांगा. गूळ तर आपल्याकडचाच.

कागल_पेरू
एका लिटर पाण्याला १० ग्रॅम गूळ आणि लेबलवर आपलं पीक असलेलं औषध, लेबलवरच्या प्रमाणात. आधी २ मिली मॅलाथिऑन ५० ईसी सांगायचे, पण २०२३ च्या आदेशानं सफरचंद, आंब्यावर त्याचा वापर बंद झाला. म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम गूळ. गूळ आधी कोमट पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल बसतं.

मारायची पद्धत महत्त्वाची. पूर्ण झाड धुवायचं नाही. नोझलची चकती काढून किंवा मोठ्या भोकाची लावून जाड थेंब पाडायचे, झाडामागं साधारण १०० मिली, आतल्या सावलीतल्या पानांच्या खालच्या बाजूला एक-दीड हात जागेत. फळावर नाही. माशी आमिष चाटायला येते आणि मरते, म्हणून थेंब तिला सापडला म्हणजे पुरे. सकाळी लवकर मारा. दर ७ ते १४ दिवसांनी, आणि पाऊस पडून धुतलं तर परत.

कीड_वही
यात दोन दुरुस्त्या. गूळ चालतो, पण मादीला खरी भूक प्रथिनांची असते. कोषातून निघाल्यावर अंडी तयार व्हायला तिला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्या काळात ती प्रथिनं शोधत फिरते. नुसत्या गोडावर अंडी पोसत नाहीत. म्हणून प्रोटीन हायड्रोलायसेट, म्हणजे प्रथिनांचं तयार आमिष, मिळालं तर तेच वापरा, त्यावर मादी पडते, आणि या सगळ्यात मादीला थेट गाठणारी आमिषं हीच. दुसरं, गुळावर मधमाश्याही येतात, प्रथिनावर त्यामानानं फारच कमी. फुलोरा असेल किंवा जवळ पेट्या असतील तर गुळाचं आमिष नको.

आणि औषध घेताना डबीवरचं लेबल वाचा: पीक, प्रमाण, काढणीपूर्व किती दिवस थांबायचं. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

गारगोटी_जुनी_बाग
तुळशीचा विषय कुणी काढला नाही. कृष्णतुळशीच्या पानातही मिथाइल युजेनॉल असतं. पानं चुरगळून ठेवली की नर येतात, हे खरं आहे.

राधानगरी_माळ
काका, येतात. पण चुरगळलेल्या पानाचा वास एक-दोन दिवसांत जातो आणि नुसत्या पानानं माशी मरत नाही. माशी आहे का हे बघायला उत्तम, बाग राखायला अपुरं.

गगनबावडा_ओल
सगळे सापळ्यावर बोलताय, खाली पडलेल्या फळांकडं कोण बघणार? माझं स्पष्ट मत, एकच काम करायचं असेल तर हे करा. किडलेलं फळ गळतं, अळी त्यातून बाहेर पडून मातीत जाते, बहुतेक वरच्या ५ सेंमीतच कोष करते, आणि महिन्याभरात पुढची पिढी त्याच झाडावर. एक मादी आयुष्यात शेकड्यांनी अंडी घालते. एका सडक्या पेरूतून बाहेर पडणाऱ्या माद्यांना पुढं सापळे पुरत नाहीत.

गळ रोज वेचा, जमलं नाही तर एकाआड एक दिवस. अळी बाहेर पडायच्या आत फळ उचललं पाहिजे, आठवड्यानं वेचून फक्त टरफलं हाती लागतात. झाडावरची ठिपकेवाली, मऊ पडलेली फळंही काढा.

वेचलेलं कुठं टाकायचं, इथं लोक घोटाळा करतात. उकिरड्यात, शेणखतात, गांडूळ खताच्या वाफ्यावर अजिबात नाही, तिथं कोषाला मऊ गारवा मिळतो. दोन फूट खोल खड्डा, वर माती टाकून पायानं दाबा. उघडीप असेल तर जाड काळ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात दोन आठवडे. पातळ पिशवी नको, फाटते आणि अळ्या निसटतात. आमच्याकडं जूननंतर ऊनच नसतं, तिथं खड्डा हाच उपाय. जनावरांना घालायचं असेल तर वेचल्या दिवशीच, गव्हाणीत ढीग साठवू नका.

झाडाच्या घेराखालची माती खुरप्यानं दोन बोटं हलवली की कोष वर येतात, ऊन आणि मुंग्या त्यांचं काम करतात. कोंबड्या असतील तर सोडा. सफरचंदाची मुळं वरच असतात, कुदळ घालू नका. आणि ही हलवाहलव पावसाआधी, चिखल झाल्यावर उपयोग नाही.

आजरा_बांध
पिशव्या लावायच्या तर कधी आणि कोणत्या?

भुदरगड_ताई
हे मी सांगते. फळ लिंबाएवढं झालं की, म्हणजे साल कडक आणि हिरवी असताना. साल मऊ पडायला लागल्यावर लावली तर आत आधीच अंडी असतात आणि माशी तुम्ही पिशवीत कोंडता. लावण्याआधी प्रत्येक फळ फिरवून बघा. घोसातलं एकच फळ ठेवा, चिकटलेल्या दोन फळांवर एक पिशवी नीट बसत नाही.

आंब्याला २५ × २० सेंमीची कागदी पिशवी वापरतात, सफरचंदाला २० × १५ पुरते. सफरचंदाचा देठ आखूड असतो, देठाला बांधलं तर फळ गळतं. पिशवीचं तोंड फांदीच्या कोंबासकट चुण्या घालून सुतळीनं किंवा स्टेपलरनं बंद करा. खालच्या कोपऱ्याला छोटीशी चीर, पाणी निघायला.

पिशवी सैल हवी. कागद फळाला चिकटला तर मादी कागदातूनही टोचते. पेरूला आधी फोमची जाळी आणि वर पिशवी घालतात ती त्यासाठीच, सालीपासून अंतर राहतं. नुसती फोमची जाळी घालून सोडली तर तिच्या भोकांतून टोचतेच.

आजरा_बांध
काढणीआधी रंग यावा म्हणून आठ-दहा दिवस पिशवी काढायला सांगतात.

भुदरगड_ताई
थंड प्रदेशात चालेल. आपल्याकडं फळ तयार होतं ते मेअखेर-जूनमध्ये, माशी ऐन भरात असताना. नेमकं गोड झालेलं फळ उघडं करायचं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. फिका रंग पत्करा, पिशवीसकट तोडा.

कागल_पेरू
आजरा_बांध दादा, तुमच्या शेजारच्या पेरूचं बघा. आंबिया बहार घेतला तर त्याचं फळ पावसाळ्यात येतं आणि सगळ्यात जास्त माशी त्यालाच. तुमच्या सफरचंदाची माशी आंब्यावर वाढून येते, सफरचंदावरून पेरूवर जाते. पेरूचा मृग बहार धरला तर फळ थंडीत येतं, तेव्हा माशी कमी. उन्हाळ्यात पाणी तोडून आंबिया बहाराची फुलं झडू द्या. बांधावरचे रायवळ आंबे कुणी वेचत नाही, माशीचा कारखाना तिथंच चालतो. शेजाऱ्यांना बरोबर घ्या. एका बागेत दहा सापळे लावण्यापेक्षा पाच बागांत मिळून तेवढेच लावून गळ वेचली तर फरक जास्त दिसतो.

आजरा_बांध
समजलं. आता झाडावर फळं आहेत, काढणी दोन आठवड्यांवर. यंदा काय हाती लागेल?

कीड_वही
आजच ठिपकेवाली आणि गळालेली सगळी फळं काढून पुरा. उरलेल्यांत जी कडक आहेत त्यांना कागदी पिशव्या. प्रथिन किंवा गुळाचं आमिष पानांवर, लेबलवरचा थांबण्याचा काळ काढणीच्या तारखेशी जुळत असेल तरच. जुळत नसेल तर सोडून द्या. सापळे एकरी आठ-दहा लावा, यंदा फळ वाचवायला नाही तर उरलेले नर कमी करायला. रंगाची वाट बघू नका, फळ खाण्यायोग्य झालं की तोडा, झाडावरचा प्रत्येक जादा दिवस माशीच्या फायद्याचा.

आजरा_बांध
तोडलेल्या मालात न दिसणारी अंडी असतील तर? शाहू मार्केट यार्डात पाठवायचा विचार आहे.

कीड_वही
तोडल्यावर लगेच पाठवू नका. थोडी फळं नमुना म्हणून बाजूला काढून घरातल्या तापमानाला तीन-चार दिवस ठेवा, बाकी माल गार आणि कोरड्या जागी. अंडी असतील तर त्या दिवसांत ठिपक्याभोवती पाणी सुटलेलं दिसतं. मग बाकीच्यातलं प्रत्येक फळ उजेडाकडं फिरवून बघा, अंगठ्यानं दाबा, मऊ लागलेलं बाजूला. आंब्याला ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया असते, ती सफरचंदावर करून बघू नका, गर शिजल्यासारखा होतो.

आजरा_बांध
बरं. वाळूचा डबा आज लावतो, माश्या निघाल्या की पंखाचा जवळून फोटो टाकतो.

कीड_वही
पाठीचाही टाका. डबा उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, माश्या सुस्त होतात आणि उडत नाहीत. फोटो झाला की त्या साबणाच्या पाण्यात टाका, बागेत सोडू नका.